लंडन ते पॅरिस : अंतर किती आणि विमानाला खरा वेळ किती लागतो?

रेडिंगची_सून
नमस्कार मंडळी, सासूसासरे मे महिन्यात सांगलीहून येतायत, आमच्याकडे रेडिंगला राहणार आणि मधेच तीनचार दिवस सगळ्यांनी पॅरिसला जाऊन यायचं असं चाललंय. नवरा म्हणतो विमानाने जाऊ, पाऊण तासाचा तर प्रवास, त्यात काय विचार करायचा. मी काल रात्री तिकिटं बघायला बसले तर जाताना सकाळी ९.३० ला निघून ११.५० ला पोचतंय आणि येताना संध्याकाळी ५.३० ला निघून ५.५० ला!! म्हणजे जायला दोन तास वीस मिनिटं आणि यायला वीस मिनिटं? एक तासाचा घड्याळाचा फरक आहे हे कळतंय पण तरी पाऊण तास कुठेच बसत नाही. तर खरं अंतर किती, हवेत किती वेळ, आणि एकूण घरातून निघून हॉटेलात पोचेपर्यंत विमान बरं की ट्रेन ते कोणीतरी नीट सांगा. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, पायऱ्या फार नको.

बोका
येतानाचं २० मिनिटांचं विमान मला पण पाहिजे. रोज ऑफिसला जाईन त्याने.

केंटचा_काका
घड्याळाचं आधी सोडवू. फ्रान्स ब्रिटनच्या एक तास पुढे. उन्हाळ्यात दोघेही एकाच रविवारी, एकाच क्षणी घड्याळं पुढे करतात त्यामुळे हा एक तास बारा महिने तोच राहतो. तिकिटावर त्या त्या गावची वेळ छापतात. जातानाच्या २ तास २० मधून एक तास वजा केला की १ तास २० मिनिटं, येतानाच्या २० मिनिटांत एक तास मिळवला की परत १ तास २०. दोन्हीकडून सारखंच आहे, घाबरू नका.

आता अंतर. लंडनचं चेरिंग क्रॉस ते पॅरिसचं नोत्र दाम असं सरळ हवेतून मोजलं तर साधारण ३४४ किमी. हीथ्रो ते शार्ल द गोल विमानतळ धरलं तर ३४८ च्या आसपास. गाडीने साडेचारशेच्या वर जातं, त्यात फोकस्टोनला गाडीसकट ट्रेनवर चढायचं, ३५ मिनिटांत पलीकडे कॅले. आणि युरोस्टारचे, म्हणजे समुद्राखालच्या बोगद्यातून जाणाऱ्या लंडन-पॅरिस ट्रेनचे, रूळ ४९२ किमी. म्हणजे ट्रेन विमानापेक्षा जवळपास दीडशे किमी जास्त फिरून जाते आणि तरी सव्वादोन तासांत पोचते.

विमानवेडा
काकांचं गणित बरोबर पण १ तास २० म्हणजे हवेतला वेळ नाही हे सांगायला हवं. ती गेटपासून गेटपर्यंतची वेळ, तिला ब्लॉक टाइम म्हणतात. लंडनला गेटवरून मागे ढकलल्यापासून पॅरिसला गेटवर उभं राहीपर्यंत. हवेत ४५ ते ५० मिनिटं, म्हणजे तुमच्या मिस्टरांचा पाऊण तास पण खोटा नाही. उरलेला अर्धा तास जमिनीवर जातो. हीथ्रोला धावपट्ट्या फक्त दोन, बहुतेक वेळ एक उतरायला आणि एक उडायला, आणि दिवसभर जवळपास पूर्ण भरलेल्या असतात त्यामुळे रांगेत उभं राहायला लागतं. शार्ल द गोलला चार धावपट्ट्या आहेत पण विमानतळ एवढा पसरलेला की उतरल्यावर टर्मिनलपर्यंत येण्यातच दहा मिनिटं जातात.

लोक विचारतात की विमान ८०० च्या वेगाने जातं तर ३४८ किमीला पाऊण तास कशाला, पंचवीस मिनिटांत व्हायला पाहिजे. होत नाही. दहा हजार फुटांच्या खाली साधारण २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६० किमी. एवढ्याशा अंतरात निम्मा वेळ चढण्यात आणि उतरण्यातच जातो, वर गेल्यावर सरळ उडणं जेमतेम दहा पंधरा मिनिटं. केबिनवाले पाण्याच्या बाटल्या वाटतात आणि लगेच गोळा करायला लागतात.

आणि गंमत म्हणजे वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडून असतो आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उडवतात, त्यामुळे हीथ्रोवरून पॅरिसला जाणारं विमान आधी पश्चिमेला, म्हणजे विंडसर आणि तुमच्या रेडिंगच्या दिशेला उडतं आणि मग वळून आग्नेयेला जातं. पॅरिसला पण तसंच, तिथल्या पट्ट्या पण पूर्व-पश्चिमच, त्यामुळे वारा पश्चिमेचा असला की पुढे जाऊन वळून मग उतरायचं. नकाशावरची सरळ रेघ कोणीच उडत नाही.

रेडिंगची_सून
@विमानवेडा, म्हणजे मी बसने हीथ्रोला जाणार आणि विमान मला परत रेडिंगकडे आणणार 😄 नवऱ्याला हे वाचून दाखवलं. येताना पण एवढंच का? लंडनवर गोल गोल फिरवतात म्हणे.

विमानवेडा
फिरवतात. हीथ्रोसाठी चार ठिकाणी विमानं एकावर एक थर लावून घिरट्या घालत थांबतात, बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकहॅम आणि बिगिन. पॅरिसकडून येणारी बहुधा बिगिनला. गर्दीच्या वेळी दहा पंधरा मिनिटं सहज जातात. कंपन्या हे धरूनच वेळापत्रक बनवतात, म्हणून कधी कधी "आपण वीस मिनिटं लवकर पोचलोय" अशी अभिमानाने घोषणा होते. लवकर वगैरे काही नाही, घिरट्या पडल्या नाहीत एवढंच.

जाता जाता एक कामाचं. उशीर मोजताना चाकं टेकण्याची वेळ धरत नाहीत, विमानाचं किमान एक दार उघडून प्रवाशांना उतरायची परवानगी मिळाली ती वेळ धरतात, युरोपियन न्यायालयाने २०१४ मध्ये हे ठरवून दिलंय. पोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झाला आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल तर दीड हजार किमीच्या आतल्या प्रवासाला २५० युरो भरपाई. ब्रिटनने पण हाच नियम पुढे चालू ठेवलाय, पौंडात. कंपन्या स्वतःहून देत नाहीत, मागायला लागते.

स्लाउकर
आता इथे सगळे ट्रेनचा जप सुरू करतील म्हणून मी आधीच विमानाच्या बाजूने बोलून घेतो. सेंट पँक्रस, जिथून ही ट्रेन सुटते ते स्टेशन, सोयीचं आहे ते लंडनच्या मध्यावर राहणाऱ्याला. आम्ही पश्चिमेकडचे लोक, स्लाउ, हेज, हाऊन्स्लो, रेडिंग, आम्हाला हीथ्रो दाराशी आहे. रेडिंगवरून थेट बस आहे, पाऊण तास. शिवाय ट्रेनची तिकिटं आयत्या वेळी बघा, डोळे पांढरे होतात. आणि विमानात सासऱ्यांना व्हीलचेअर मिळते, दारापासून सीटपर्यंत, फुकट.

केंटचा_काका
स्लाउकर साहेब, व्हीलचेअरची मदत ट्रेनला पण मिळते हो, आधी कळवायचं फक्त. आणि पलीकडचं टोक विसरलात. हीथ्रो लंडनच्या पश्चिमेला आणि शार्ल द गोल पॅरिसच्या ईशान्येला पंचवीस किमी. म्हणजे दोन्ही शहरांच्या बाहेर उभं राहून तुम्ही अंतर मोजताय.

करा हिशोब. रेडिंग ते हीथ्रो ४५ मिनिटं. दोन तास आधी पोचा. विमान १ तास २०. उतरल्यावर पासपोर्टची रांग, अर्धा तास म्हटलं तर नशीब. बॅगा. मग शहरात जायला पाऊण तास. साडेपाच सहा तास झाले की नाही?
ट्रेन : रेडिंग ते पॅडिंग्टन फास्ट गाडीने पंचवीसेक मिनिटं, तिथून ट्यूबने किंग्ज क्रॉस सेंट पँक्रस पंधरा वीस मिनिटं, दीड तास आधी पोचा, ट्रेन सव्वादोन ते अडीच तास. उतरलात की गार द्यू नॉर स्टेशन, शहराच्या आत. साधारण पाच तास. आणि पासपोर्ट तपासणी सेंट पँक्रसलाच झालेली असते, फ्रान्सचे पोलीस तिथेच बसतात, तुम्ही लंडनमध्ये असतानाच फ्रान्सचा शिक्का मिळायचा. पॅरिसला उतरून थेट बाहेर.

स्लाउकर
पाच आणि साडेपाच. अर्ध्या तासासाठी एवढा मोठा प्रतिसाद 🙏

केंटचा_काका
अर्धा तास नाही हो, पाच तासांत किती वेळा उठायचं, बसायचं, पट्टा काढायचा, बूट काढायचे ते मोजा. सत्तरीतल्या माणसाला अडीच तास एका सीटवर बसून बाहेर बघणं आणि पाच तुकड्यांत तोच वेळ काढणं यात फरक आहे.

पॅरिसची_पाहुणी
मी पॅरिसला शिकते, माझ्याकडे सतत कोणी ना कोणी लंडनहून येत असतं म्हणून लिहिते.

१) शार्ल द गोलवरून शहरात यायला आरईआर बी ही लोकल, अर्धा पाऊण तास. स्वस्त म्हणता येणार नाही, विमानतळाचं तिकीट माणशी १३-१४ युरो झालंय. चौघं असाल तर सरळ टॅक्सी करा, विमानतळावरच्या अधिकृत टॅक्सीचं भाडं ठरलेलं असतं, नदीच्या कुठल्या काठावर जायचंय त्याप्रमाणे ५५ ते ६५ च्या दरम्यान. आत उभे राहून "टॅक्सी टॅक्सी" विचारणाऱ्यांकडे बघू पण नका.

२) गुडघे दुखत असतील तर मेट्रो विसरा. पॅरिसची मेट्रो जुनी आहे, बहुतेक स्टेशनांना लिफ्ट नाही, पायऱ्याच पायऱ्या. १४ नंबरची लाईन तेवढी नवी आणि पूर्ण लिफ्टवाली, ती २०२४ मध्ये ओर्ली विमानतळापर्यंत नेलीय. म्हणजे विमानच घ्यायचं ठरलं आणि ओर्लीला उतरणारं मिळालं तर सासऱ्यांसाठी ते जास्त बरं. बाकी बसने फिरा, बाहेरचं दिसतं पण.

३) बोव्हेला उतरणारं तिकीट कुठूनही स्वस्त दिसलं तर घेऊ नका, नाव पॅरिसचं लावतात पण ते गाव ८५ किमी लांब आहे.

४) गार द्यू नॉरला पाकीट आणि फोन सांभाळा. काकांनी "उतरून थेट बाहेर" म्हटलंय ते खरं, पण बाहेर आल्या आल्या अंगाशी येऊन सही मागणारे, कागद पुढे करणारे असतात त्यांच्याशी बोलायचंच नाही.

बोका
मला एक कळत नाही, पॅरिस लंडनच्या एवढं खालीच आहे नकाशात, पूर्वेला असं फार नाहीच. मग एक तास पुढे कशाला? आपल्याकडे द्वारकेपासून अरुणाचलपर्यंत एकच वेळ.

जुनी_पानं
वा बोका, चुकून चांगला प्रश्न विचारलास.

पॅरिस ग्रिनिचच्या पूर्वेला फक्त २ अंश २० मिनिटांवर आहे. सूर्याच्या हिशोबाने फरक नऊ मिनिटं एकवीस सेकंद एवढाच. आणि फ्रान्स बरीच वर्षं खरंच एवढाच फरक ठेवून होता, पॅरिसची स्वतःची वेळ. बरंचसं जग ग्रिनिचकडे वळल्यावरही हे तयार नव्हते. शेवटी १९११ मध्ये कायदा केला, त्यात ग्रिनिचचं नाव न घेता लिहिलं की फ्रान्सची वेळ म्हणजे पॅरिसची सरासरी वेळ वजा नऊ मिनिटं एकवीस सेकंद 😀 इंग्रजांची वेळ घेतली पण नाव घेणार नाही.

पुढे १९४० मध्ये जर्मनांनी पॅरिस घेतलं आणि घड्याळं बर्लिनच्या वेळेला लावली. युद्ध संपलं, जर्मन गेले, वेळ मात्र तीच राहिली. म्हणून ताईंच्या तिकिटावर जो एक तास गोंधळ घालतोय तो १९४० चा आहे.

अवांतर होतंय पण आता सुरू केलंच आहे तर. हा रस्ता विमानांच्या इतिहासातला फार जुना. २५ ऑगस्ट १९१९ ला हाऊन्स्लो हीथवरून, म्हणजे आताच्या हीथ्रोपासून जवळच, पॅरिसच्या ल बूर्जेला रोजची विमानसेवा सुरू झाली, आंतरराष्ट्रीय मार्गावर रोज ठरलेल्या वेळी जाणारी ही पहिलीच असं मानतात. पहिल्या विमानात प्रवासी एक. बाकी वर्तमानपत्रं, चामडं, डेव्हनची साय आणि शिकारीचे पक्षी. भाडं २१ पौंड, तेव्हाचे! वेळ लागला अडीच तास. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं विमान आणि आजची ट्रेन यांना जवळपास सारखाच वेळ.

तेव्हाचे वैमानिक खाली बघून, रस्ता आणि रूळ धरून उडायचे. एप्रिल १९२२ मध्ये उत्तर फ्रान्समध्ये धुक्यात दोन विमानं समोरासमोर आदळली, एक लंडनकडून येणारं आणि एक पॅरिसकडून, दोघंही खालचा तोच रस्ता धरून. सातही माणसं गेली. प्रवासी विमानांची हवेतली ही पहिली टक्कर. त्यानंतर कोणी कुठल्या बाजूने उडायचं याचे नियम आले.

विमानवेडा
@जुनी_पानं, कडक. आणि इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारा पहिला ब्लेरिओ, जुलै १९०९, कॅले ते डोव्हर, ३६-३७ मिनिटं. आज बोगद्यात गाडी घालून तेवढ्याच वेळात पलीकडे जाता येतं.

रेडिंगची_सून
बापरे केवढे प्रतिसाद, सगळ्यांचे आभार. सासरेबुवांना व्हिडिओ कॉलवर १९४० चा किस्सा सांगितला तर ते एवढे खूश झाले की आता त्यांना बोगदाच बघायचाय. सासूबाई म्हणतायत समुद्राच्या खालून? नको गं बाई. किती वेळ असतो तो बोगद्यात? आणि पाणी वगैरे दिसतं का असं पण विचारतायत, हसू नका.

केंटचा_काका
वीसेक मिनिटं. बोगदा ५०.४५ किमी, त्यातला ३८ किमी समुद्राखाली, आणि पाणी अजिबात दिसत नाही, समुद्राच्या तळाच्याही खाली खडूच्या खडकातून खणलाय. खिडकीत आपलाच चेहरा दिसतो. जाणारी येणारी वेगळी नळी आणि मधे तिसरी, अडीअडचणीला माणसं बाहेर काढण्यासाठी. आत ट्रेन १६० नेच जाते, बाहेर पडल्यावर फ्रान्समध्ये ३००. सासूबाईंना सांगूच नका कधी शिरलो ते, कान जरा दडे बसल्यासारखे होतात तेवढंच.

१९९४ ला सुरू झाली तेव्हा तीन तास लागायचे. फ्रान्समध्ये ३०० ने यायची आणि इकडे केंटात आमच्या लोकलच्या मागे रांगत लंडनच्या वॉटर्लू स्टेशनपर्यंत. नवे रूळ २००३ आणि २००७ मध्ये दोन टप्प्यांत झाले, तेव्हापासून सेंट पँक्रस आणि सव्वादोन तास.

कागदपत्रवाली
कोणी व्हिसाचं बोललंच नाही अजून?? अंतर ३४४ असो की ४९२, सासूसासऱ्यांचा पासपोर्ट भारतीय असेल तर ब्रिटनचा व्हिसा पॅरिसला चालत नाही. शेंगेन (फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) वेगळा काढायचा, आणि तो भारतातूनच काढून यायचा. इथे पाहुणे म्हणून आल्यावर लंडनहून अर्ज सहसा घेत नाहीत, तुम्ही जिथले रहिवासी तिथेच करायला लागतो. मे म्हणताय तर आत्ताच मुंबईला अपॉइंटमेंट शोधायला लागा, उन्हाळ्यात तारखा मिळत नाहीत.

ऑक्टोबर २०२५ पासून युरोपची नवीन नोंदणी पण सुरू झालीय, शिक्क्याऐवजी फोटो वगैरे घेऊन कॉम्प्युटरवर नोंद, त्यामुळे पहिल्या वेळी जरा जास्त वेळ धरा, विमान असो की ट्रेन.

आणि आणखी एक. त्यांना परत लंडनला आणताय कशाला? मुंबईला थेट विमान पॅरिसहून पण आहे. ट्रिप शेवटच्या आठवड्यात ठेवा, पॅरिस बघून तिथूनच त्यांना बसवून द्या. ब्रिटनमधून निघणाऱ्या लांबच्या विमानांवर सरकारी कर बराच भारी आहे तो पण वाचतो. तुम्ही दोघं ट्रेनने परत.

स्लाउकर
हे मात्र मानलं. एकूण प्रवास कमी करायचा असेल तर हाच खरा उपाय. फक्त मग सांगलीहून निघतानाच तिकीट तसं काढायला हवं, मुंबई-लंडन आणि पॅरिस-मुंबई एकत्र, सुटी सुटी काढलीत तर महाग पडतील. आणि तेव्हा सगळं सामान बरोबर असेल, ट्रेनमध्ये दोन मोठ्या बॅगा आणि एक हातातली चालते, वजन करत नाहीत, पण उचलून चढवायला स्वतःलाच लागतं.

केंटचा_काका
चला, स्लाउकर ट्रेनवर आले.

स्लाउकर
सामानापुरता!!

रेडिंगची_सून
@कागदपत्रवाली, तुमच्या पाया पडते, व्हिसाचं डोक्यातच नव्हतं, आम्हा दोघांचे ब्रिटिश पासपोर्ट त्यामुळे लक्षातच येत नाही. त्यांची जायची तिकिटं अजून काढली नाहीयेत, आज नवऱ्याला पॅरिस-मुंबई बघायला सांगते. म्हणजे चौघं ट्रेनने जाणार हे नक्की, सकाळी दहाच्या पुढची घेते म्हणजे रेडिंगहून पहाटे निघायला नको. खायचं काही नेता येतं का ट्रेनमध्ये? सासूबाई धपाटे आणि ताक घेणार म्हणतायत, विमानासारखं शंभर मिलीचं बंधन आहे का?

पॅरिसची_पाहुणी
शंभर मिलीचं बंधन नाही, पाण्याची बाटली, लोणच्याची बरणी सगळं जातं. धपाटे, चिवडा, चटण्या खुशाल न्या. पण दूध आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमधून युरोपात न्यायला बंदी आहे, म्हणजे ताक, पनीर, पेढे, श्रीखंड नको. परत येताना ब्रिटनची पण तीच बंदी, २०२५ च्या एप्रिलपासून, त्यामुळे तुम्ही दोघं पॅरिसचं चीज घेऊन येऊ नका.

बोका
ताक सेंट पँक्रसलाच पिऊन टाकायचं मग. दीड तास आधी जायचंच आहे.